वऱ्हाडातला अर्धा र

गेल्या वर्षी थोरलीचं लग्न ठरलं आणि घरात पहिला वाद झाला तो पत्रिकेच्या अक्षरावरून. कार्यालय, दागिने, देणं-घेणं हे सगळं बिनबोभाट पार पडलं. अडलं ते अक्षरापाशी.

फ्रीगंजातल्या एका दुकानात आम्ही पत्रिका बघायला गेलो होतो. दुकानातल्या मुलाने समोर ढीग मांडला. त्यातली एक मात्र मला पाहताक्षणी आवडली. हस्तिदंती रंगाचा जाड कागद आणि त्यावर सोनेरी अक्षरं, केसासारखी बारीक. कुणी नाजूक हाताने, श्वास रोखून लिहावी तशी. प्रत्येक शब्दाची शेपटी वेलीसारखी पुढे जाऊन वळलेली.

"आंटीजी, आजकल यही चलता है. एकदम हाथ से लिखे जैसा," तो म्हणाला.

खोटं कशाला बोलू? मला भुरळ पडली. हल्ली तर मिठाईच्या डब्यांवर, साड्यांच्या पिशव्यांवर, बारशाच्या निमंत्रणावर, सगळीकडे हेच अक्षर दिसतं. कुणी तरी आपल्यासाठी मुद्दाम लिहिलंय, असं वाटायला लावणारं. मी मजकूर मराठीत लिहून दिला आणि नमुना छापून पाठवायला सांगितलं.

नमुना आला तो मी आधी सासूबाईंच्या हातात दिला. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. भिंग घेऊन रोज तासभर स्वाध्याय करतात, म्हणजे वाचायचा कंटाळा मुळीच नाही. त्यांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, खिडकीपाशी नेली. सोनेरी अक्षरांवर ऊन पडलं तशी होती तीही दिसेनाशी झाली.

"सुंदर आहे गं," त्या म्हणाल्या. "पण लग्न कोणाचं आहे?"

आम्ही सगळे हसलो. त्या मात्र भिंग फिरवत खाली आल्या आणि एका ओळीवर थबकल्या. "भोजन दुपारी चार ते रात्री नऊ? आपल्याकडे? दिवस मावळल्यावर पंगती?"

मी पत्रिका ओढून घेतली. मी '४ ते ६' लिहून दिलं होतं. माघातलं लग्न, सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची पानं उठावीत म्हणूनच ती वेळ. पण त्या नाजूक अक्षरात ६ ची आणि ९ ची वळणं इतकी पुसट झाली होती की मलाही छातीठोक सांगता येईना. माझं हसू तिथेच आटलं. पत्रिका शंभर जैन घरांत जाणार होती.

मग मी नीट वाचायला बसले, आणि एकेक दिसू लागलं. 'वऱ्हाडी मंडळींनी' असं मी लिहिलं होतं. त्याचं झालं होतं 'वर्हाडी', ह च्या डोक्यावर रफार. 'मंडळी'तला ळ कुठल्या तरी दुसऱ्याच अक्षरसंचातून आणून बसवलेला, नाचणाऱ्या मुलींच्या रांगेत पहिलवान उभा राहावा तसा. आणि ल सगळे हिंदी वळणाचे, शेजारी उभी दांडी असलेले. आपला मराठी ल पाकळ्यांचा. वरून देठ येतो आणि दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या उमलतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला ठरवली तेव्हाही हा पाकळीचा ल च धरला.

मी दुकानात फोन केला. मुलगा बिचारा गुणी होता, पण त्याचा नाइलाज होता. "आंटीजी, इस फॉन्ट में वो वाला र है ही नहीं."

मला ते उगीचच लागलं. मी कारंज्याची, कारंजा लाडची. वऱ्हाडातली. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन उज्जैनला आले. आणि माझ्या मुलुखाचं नाव लिहायला जो अर्धा र लागतो, तो या देखण्या अक्षराच्या घरी जन्मलेलाच नव्हता.

माझी धाकटी पुण्यात डिझाइनचं काम करते. लग्नाच्या तयारीला ती आली तेव्हा ओट्याजवळ उभी राहून, मी मेथी निवडत असताना, तिने मला हे सगळं उलगडून सांगितलं. तिचं म्हणणं असं की ही केसासारखी अक्षरं मुळात इंग्रजी लेखणीची. टोकदार, लवचिक निब असायची. खाली येताना दाबली की रेघ जाड, वर जाताना सैल सोडली की बारीक. त्या वळणावरून पुढे छपाईचे आणि संगणकाचे टाइप झाले. जर्मनीच्या हर्मन झाफ यांचा 'झाफिनो' हा असाच एक, १९९८ सालचा. त्यांनी तरुणपणी वहीत लिहिलेल्या अक्षरांवरून तो पुढे संगणकासाठी घडवला. त्यांची पत्नी गुड्रून याही स्वतः सुलेखनकार, पुस्तकं बांधण्याची कला शिकलेल्या आणि टाइप घडवणाऱ्या. त्या १०१ वर्षं जगल्या. "म्हणजे बघ आई, या धंद्यात बायका आहेत," धाकटी म्हणाली. मी मनातल्या मनात त्या बाईंना नमस्कार केला.

आपली नागरी मात्र बोरूची. बोरूचं टोक तिरकं छाटायचं. रेघ जाड की बारीक हे हाताच्या दाबावर नाही, बोरू कुठल्या दिशेला फिरतो त्यावर ठरतं. म्हणून आपल्या अक्षराला अंग असतं, वजन असतं. त्याला केसाएवढं बारीक केलं की मोठ्या आकारात ते शोभतं, पण लहान केलं की मात्रा तुटतात, अनुस्वार उडतात, ६ चा ९ होतो.

शिवाय आपली जोडाक्षरं. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, मोठी-लहान धरून बावन्न. आपल्याकडे क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध, ह्म, शिवाय अक्षराच्या रुंदीप्रमाणे वेगवेगळ्या वेलांट्या. 'कलम' नावाचा हस्ताक्षरी वळणाचा फॉन्ट २०१४ साली आला. कुणालाही फुकट वापरता येतो. तो घडवणाऱ्या दोघांपैकी एक लिपी रावल. नावच लिपी! त्या एका फॉन्टमध्ये हजारावर आकार आहेत म्हणे. एवढे कष्ट सगळेच घेत नाहीत. हिंदीपुरतं भागलं की थांबतात. मग ळ राहतो, वऱ्हाडातला र राहतो, सुऱ्या आणि दऱ्या राहतात.

मेथी निवडून झाली तरी मी तिथेच उभी होते. मला माझे आजोबा आठवत होते.

आजोबांच्या दुकानाच्या वह्या मोडीत असायच्या. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लोंबकळवत जायची, हात शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. भराभर लिहायचं. इथे उज्जैनला मराठी माणूस आला तोही अशाच कागदांबरोबर आला. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवेपर्यंत शिंद्यांचा कारभार इथून चालायचा, आणि मराठी राज्यांच्या दप्तरांची लिपी मोडी.

पण त्याच आजोबांना स्तोत्र उतरवायचं असलं की ते मोडी बाजूला ठेवायचे आणि बाळबोध लिहायचे. एकेक अक्षर सुटं, ठसठशीत. का, तर ते दुसऱ्याने वाचायचं असतं, म्हाताऱ्याने आणि पोराने वाचायचं असतं. हिशेबाला मोडी आणि ग्रंथाला बाळबोध, हा विवेक आपल्या घराघरांत होता. तोच विवेक पत्रिकेला लावायला मला दुकानातल्या मुलाने शिकवायला हवं होतं, असं थोडंच आहे? वधू-वरांची नावं नाजूक, मोठ्या आकारात, हौसेने सजवावी. तिथी, वेळ, ठिकाण बाळबोध. मैत्रिणींनो, तुमच्या घरी कार्य निघालं तर छापायला देण्यापूर्वी पत्रिका घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या, आणि मोठ्याने वाचून घ्या.

इथवर सगळं सोपं होतं. अवघड गोष्ट पुढे आली.

कारंज्याला आमच्या मंदिरांतल्या पोथ्या प्रसिद्ध आहेत. डॉ. हिरालाल जैन यांनी तिथल्या भांडारांतले अपभ्रंश ग्रंथ संपादून प्रसिद्ध केले, ते अभ्यासकांना ठाऊक आहेत. मला मात्र आठवते ती श्रुतपंचमी. जेठ शुद्ध पंचमीला पोथ्यांची वेष्टनं सोडायची, धूळ झटकायची, पूजा करायची आणि पुन्हा नव्या कापडात बांधायची. आई मला एखादं पान लांबून दाखवायची. काळी शाई, मध्येच हिंगुळाचा लाल, आणि चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा हात. कागदाच्या पोथीतही मधोमध कोरी चौकट सोडलेली, ताडपत्राच्या दोरीच्या भोकाची आठवण म्हणून. पोथ्या उतरवणारे शेवटी दोन ओळी स्वतःच्या लिहायचे. पाठ मोडली, मान मोडली, डोळे गेले, फार कष्टाने लिहिलंय, जपा. आणि जसं पाहिलं तसं लिहिलं, चुकलं असेल तर मला दोष देऊ नका. आई हे सांगताना दर वर्षी म्हणायची, "पाहा, एवढं मोठं काम करून माणूस शेवटी क्षमा मागतो."

आई सातवीपर्यंत शिकलेली. आदिनाथांनी आपल्या मुलीला, ब्राह्मीला, लिपी शिकवली ही कथा तिची फार लाडकी. "पहिली पाटी मुलीच्या हातात दिली आपल्या भगवंतांनी," असं ती शाळा सुटलेल्या बायकांना ऐकवायची. तिचं अक्षर पोथीसारखं होतं. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला ती सगळ्या नातेवाइकांना कार्ड लिहायची. 'उत्तम क्षमा' वर, मग दोन ओळी ख्यालीखुशालीच्या, आणि शेवटी वर्षभरात कळत-नकळत दुखवलं असेल त्याबद्दल क्षमा. तीस वर्षांची तिची कार्डं मी एका पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत. ती जाऊन आता चार वर्षं झाली.

धाकटीने तो डबा काढला. काही न बोलता तीन आठवडे ती रात्री-रात्री लॅपटॉपवर बसायची. एका दुपारी तिने मला बोलावलं. "आई, काही तरी टाइप कर."

मी माझं नाव टाइप केलं. पडद्यावर आईच्या अक्षरात माझं नाव आलं.

मला काय झालं ते शब्दांत सांगता येणार नाही. माझा ल, माझा श, सगळं तिचं. पाकळ्यांचा ल. अर्ध्या र चा तो छोटासा डोळा. मी वेड्यासारखी टाइप करत सुटले. कारंजा. वऱ्हाड. पुरणपोळी. जे लिहीन ते आई लिहीत होती.

"आजीच्या अक्षरात पत्रिका," धाकटी म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

आणि त्याच क्षणी माझ्या मनात एक पाप आलं. तेच सांगायला हा लेख लिहिते आहे.

आईच्या पाठीमागे कारंज्याच्या घरावरून माझं आणि दादाचं बिनसलं होतं. कोण बरोबर, कोण चूक, ते इथे सांगत नाही. सांगितलं तर मी माझ्याच बाजूने सांगीन. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. लग्नाला त्याला बोलवायचं तर होतं, पण बोलवायचं कसं? फोन करायला जीभ उचलत नव्हती. आणि आता माझ्यासमोर ही अक्षरं होती. दादाच्या हातात पत्रिका पडेल, त्यावर आईचं अक्षर असेल, 'अवश्य येणे' असं आईच्या हाताने लिहिलेलं असेल. तो नाही म्हणू शकेल? मला क्षमा मागावी लागणार नाही, वाकावं लागणार नाही. माझं काम आई करील.

मी धाकटीला म्हटलं, "छापूया." आणि त्या रात्री झोप लागली नाही.

उठून मी डबा उघडला. पडद्यावरची अक्षरं आणि कार्डांवरची अक्षरं शेजारी ठेवली. पडद्यावरचे सगळे क एकसारखे होते, साच्यातून काढलेल्या साखरेच्या बत्ताशांसारखे. कार्डांवर एक क दुसऱ्यासारखा नव्हता. घाईचा वेगळा, निवांतपणाचा वेगळा. एका कार्डावर शाई पसरलेली, तिथे तिचा हात ओला असेल, स्वयंपाक करता करता लिहिलं असेल. शेवटच्या वर्षीच्या कार्डावर तर प्रत्येक रेघ थरथरलेली. धाकटीने ती थरथर पुसून अक्षर छान गुळगुळीत केलं होतं. तिची चूक नव्हती, फॉन्टला तसंच लागतं. पण त्या थरथरत्या हाताने आईने मला शेवटची क्षमा मागितली होती. ती पुसलेलं अक्षर आईचं कसं?

आणि मुख्य म्हणजे हे शब्द आईने लिहिलेलेच नव्हते. जे तिने म्हटलं नाही ते मी तिच्या हाताने म्हणवून घेणार होते. आपण सत्य अणुव्रताच्या गप्पा मारतो. तोंडाने खोटं बोललं नाही तरी अक्षराने बोलता येतं, हे मला त्या रात्री कळलं.

सकाळी धाकटीला नको म्हटलं. ती दुखावली, दोन दिवस गप्प होती. तीन आठवड्यांची मेहनत होती तिची. मी तिला दादाबद्दल सगळं सांगितलं तेव्हा मात्र ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. पण वऱ्हाडातला र मी देणारच." तिने दुकानातल्या मुलाला बरोबर घेऊन वधू-वरांची नावं त्याच नाजूक अक्षरात मोठी ठेवली, बाकी मजकूर साध्या, ठळक, वाचता येईल अशा अक्षरात घेतला आणि सोनेरीऐवजी गडद मेंदी रंग. 'वऱ्हाडी मंडळींनी' ही ओळ तिला मोठी आणि नावांच्याच वळणात हवी होती, म्हणून त्यातला ऱ्ह आणि ळ तिने स्वतः कागदावर काढून त्या वळणात बसवले. सासूबाईंनी भिंगाशिवाय वाचलं. "चार ते सहा," त्या म्हणाल्या आणि पत्रिका खाली ठेवली.

दादाच्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला मी माझ्या हाताने लिहिलं. माझं अक्षर लहानपणापासून गचाळ. आई पाटी पुसून पुन्हा लिहायला लावायची. क्षमावाणी होऊन काही महिने उलटले होते, पण क्षमेला तिथी लागत नाही. मला आपल्या जुन्या विज्ञप्तिपत्रांची आठवण झाली. श्वेतांबर संघ आपल्या आचार्यांना चातुर्मासाचं निमंत्रण आणि पर्युषणाची क्षमायाचना अशी लांबच लांब चित्रांकित गुंडाळ्यांवर पाठवायचे. आग्र्याच्या संघाचं १६१० सालचं विज्ञप्तिपत्र तर प्रसिद्ध आहे. उस्ताद शालिवाहनाने त्यात जहांगीरचा दरबारही रंगवला आहे. म्हणजे एकाच कागदावर 'या' आणि 'चुकलं' हे दोन्ही लिहिण्याची रीत आपल्यात जुनीच. माझा कागद टीचभर होता. मी चारच ओळी लिहिल्या. घराचा उल्लेख केला नाही. दुसऱ्या ओळीत एक शब्द खोडला, तो तसाच राहू दिला. हरताळ नव्हता घरात.

नाजूक अक्षरांवर माझा राग नाही. आजही मिठाईच्या डब्यावर ती दिसली की हात फिरवावासा वाटतो. शोभेच्या जागी ती शोभतात. पण 'कुणी तरी मुद्दाम लिहिलंय' हे सुख ती नुसतं भासवतात, आणि काही ठिकाणी भास चालत नाही. तिथे आपल्यालाच पेन उचलावं लागतं, अक्षर कसंही असो.

आठ दिवसांनी फोन वाजला. कारंज्याचा नंबर बघून मी पदराला हात पुसले, उगीचच.

"पत्रिका मिळाली," दादा म्हणाला. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. "अक्षर काही सुधारलं नाही तुझं."

"नाही," मी म्हटलं.

"जेवण सहापर्यंतच ना? मग आम्ही आदल्या दिवशीच निघतो."

घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण त्या दिवशी वऱ्हाडी मंडळींत माझा भाऊ होता, आणि सूर्य मावळायच्या आत तो आमच्याकडे पोटभर जेवला.